आईची जागा काचेच्या आत

सप्टेंबर २०१७ मध्ये नाशिकच्या जिल्हा रुग्णालयाचे नाव देशभरातील वृत्तपत्रांत आले. त्यामागचे कारण मान खाली घालायला लावणारे होते. एकट्या ऑगस्ट महिन्यात तेथील विशेष नवजात शिशू कक्षात ५५ अर्भके दगावली होती आणि त्या वर्षीच्या एप्रिलपासूनची संख्या १८७ वर पोहोचली होती. इन्क्युबेटर होते १८. बाळे मात्र इतकी, की एकेका पेटीत एकाहून अधिक जीव ठेवावे लागत होते. अपुऱ्या दिवसांचा जन्म, अत्यल्प वजन आणि खासगी रुग्णालयांतून शेवटच्या घटकेला झालेली रवानगी, ही कारणे रुग्णालयाने त्या वेळी सांगितली. ती खोटी होती असे म्हणता येणार नाही. नंतर जी चर्चा झाली ती प्रामुख्याने यंत्रांच्या संख्येभोवती फिरली. पेट्या किती, वॉर्मर किती, खाटा किती, निधी कोठे अडला, हे प्रश्न रास्तच होते. तरीही एक प्रश्न त्या गदारोळात मागे राहिला, आणि तोच आज येथे मांडायचा आहे. बाळ काचेच्या आत असताना त्याची आई कोठे होती?

नऊ महिने पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला आपल्याकडे ‘पेटीत ठेवले’ किंवा ‘काचेत ठेवले’ असे म्हणतात. या बोलीतच आपली समजूत दडलेली आहे. बाळाला वाचवणार ती पेटी. आईने बाहेरच्या बाकावर बसून देवाचे नाव घ्यावे, सिस्टर सांगतील तेव्हा दूध काढून द्यावे आणि ठरलेल्या वेळी काचेतून डोकावून परतावे. ही समजूत आता शास्त्राच्या कसोटीवर टिकलेली नाही. ‘विकासपोषक नवजात सेवा’ या नावाने गेल्या चार दशकांत जी विचारधारा जगभर रुजली, तिचे सार एका वाक्यात सांगता येईल. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा प्राण वाचवणे आणि त्याचा मेंदू जपणे ही एकाच सेवेची दोन अंगे आहेत, आणि या दोन्हींसाठी आई हा उपचाराचाच भाग आहे.

गर्भसंस्कार मानणाऱ्यांनी विचारायचा प्रश्न

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ अकालजात मानले जाते. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे अशी जन्मली. त्यांतील ३० लाखांहून अधिक एकट्या भारतात. हे काही मूठभर कुटुंबांचे दुःख नव्हे. उशिरा होणारी लग्ने, कृत्रिम गर्भधारणेतून येणारी जुळी-तिळी, वाढता रक्तदाब आणि मधुमेह यांमुळे शहरी मध्यमवर्गीय घरांतही हा प्रसंग येतो. आणि सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर अशक्त, पंडुरोगी, शेवटच्या महिन्यापर्यंत शेतात राबणाऱ्या मातेच्या वाट्यालाही तो येतोच.

आपल्या समाजात गर्भसंस्कारांविषयी मोठी आस्था आहे. अभिमन्यूची कथा ठाऊक नाही असे मराठी घर सापडणे कठीण. गर्भवतीने काय ऐकावे, काय वाचावे, कोणत्या वातावरणात राहावे याची आपण काळजी घेतो. त्यासाठीच्या वर्गांना सुशिक्षित दांपत्ये आवर्जून जातात. मग साधा विचार करून पाहावा. अठ्ठावीस आठवड्यांचे बाळ जन्मले, म्हणजे त्याचे गर्भातले अजून बारा आठवडे उरलेलेच आहेत. ते आठवडे ते आता काचेच्या पेटीत काढणार. ज्या काळात त्याने उबदार, अंधाऱ्या, मऊ भिंतींच्या कुशीत, आईच्या हृदयाच्या ठोक्यांच्या सोबतीने वाढायचे, त्याच काळात त्याच्यावर चोवीस तास ट्यूबलाइटचा झोत असतो. मॉनिटरचे भोंगे वाजत असतात, पेटीच्या झडपा आपटत असतात, आणि दर काही मिनिटांनी कोणीतरी सुई, नळी किंवा चिकटपट्टी घेऊन येते.

शेवटच्या तिमाहीत मेंदूची वाढ अत्यंत वेगाने होते. ३४ आठवड्यांच्या गर्भाच्या मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या सुमारे दोन-तृतीयांशच असते. उरलेली वाढ पुढच्या सहा आठवड्यांत व्हायची असते. स्पर्शाची जाणीव सर्वांत आधी जागी होते, नंतर कान, आणि डोळे सर्वांत शेवटी. हा क्रम निसर्गाने काही हेतूने ठेवलेला आहे. अतिदक्षता विभाग तो उलटा करतो. डोळ्यांवर अकाली मारा होतो, कानांवर गोंगाट होतो, आणि ज्या स्पर्शाची खरी भूक असते तो मात्र बहुधा वेदना घेऊनच येतो. ज्या समाजाला गर्भातील बाळाच्या कानांवर काय पडते याची चिंता आहे, त्याने काचेतील बाळाच्या कानांवर काय पडते हे विचारायलाच हवे.

हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९७ सालीच नवजात कक्षातील ४५ डेसिबलपेक्षा अधिक आवाज चिंताजनक ठरवला. साधे संभाषणही याहून मोठ्या आवाजात चालते. वेदनेबद्दलची गोष्ट तर अंगावर काटा आणणारी आहे. इतक्या लहान जिवाला वेदना होत नाहीत, अशा समजुतीने १९८० च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य देशांत अकालजात बाळांवर पुरेशा वेदनाशामकाविना शस्त्रक्रिया होत असत. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये संशोधन करून १९८७ साली ही समजूत खोडून काढली. योग्य भूल दिलेल्या बाळांच्या शरीरावरील ताण कमी होतो आणि ती अधिक चांगली सावरतात, हे त्यांनी दाखवले. त्याच दशकात बॉस्टन येथे डॉ. हायडेलीस आल्स यांनी आग्रह धरला की, अकालजात बाळ बोलत नसले तरी ते सतत काही सांगत असते. बोटे फाकवणे, भुवया आक्रसणे, अंगाचा रंग बदलणे, तोंड फिरवणे ही त्याची भाषा होय, आणि सेवा देणाऱ्याने ती वाचायला शिकले पाहिजे. विकासपोषक सेवेचा पाया तेथे घातला गेला.

नाशिकसारखीच परिस्थिती, वेगळे उत्तर

नाशिकच्या २०१७ मधील प्रसंगाशी विलक्षण साम्य असलेली एक घटना त्याच्या सुमारे चार दशके आधी दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात घडली होती. राजधानी बोगोटा येथील मोठ्या सरकारी प्रसूतिगृहात इन्क्युबेटर अपुरे होते, एका पेटीत दोन-दोन तीन-तीन बाळे ठेवावी लागत होती, जंतुसंसर्ग पसरत होता, मृत्यू वाढत होते. १९७८-७९ च्या सुमारास डॉ. एडगर रे आणि डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी एक साधा मार्ग काढला. स्थिर झालेले बाळ केवळ लंगोट आणि टोपडे घालून आईच्या उघड्या छातीवर उभे ठेवायचे, कापडाने घट्ट बांधायचे आणि अंगावरचे दूध पाजायचे. आईचे शरीर हीच ऊब, आईचे दूध हेच अन्न. यालाच पुढे ‘कांगारू मातृसेवा’ हे नाव मिळाले.

गरिबांचा तात्पुरता उपाय म्हणून कित्येक वर्षे तिच्याकडे पाहिले गेले. परंतु पुढचे संशोधन या समजुतीच्या विरोधात गेले. बोगोटामध्ये १९९० च्या दशकात या पद्धतीने वाढवलेल्या बाळांचा वीस वर्षांनी पुन्हा शोध घेण्यात आला. या तरुणांमध्ये शाळेतील गैरहजेरी आणि वर्तनातील आक्रमकता कमी आढळल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. सर्वांत निर्णायक पुरावा २०२१ चा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारत, घाना, मालावी, नायजेरिया आणि टांझानिया येथील पाच रुग्णालयांत, १ किलो ते १.८ किलोपर्यंत वजनाच्या ३,२११ बाळांवर चाचणी झाली. भारतातील केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. एका गटात प्रचलित पद्धतीप्रमाणे बाळ आधी स्थिर होऊ दिले आणि मग आईकडे दिले. दुसऱ्या गटात जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, अतिदक्षता विभागातच, आईच्या छातीवर ठेवले. पहिल्या गटात २८ दिवसांतील मृत्यू शंभरांत १५.७ होते, दुसऱ्या गटात १२. मृत्यूदर एक-चतुर्थांशाने घटला. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधी थांबवावी लागली, कारण पहिल्या गटातील मातांना बाळापासून दूर ठेवणे आता नीतीला धरून राहिले नव्हते.

या चाचणीतील एक तपशील फार महत्त्वाचा आहे. लगेच सुरू केलेल्या गटात अतिदक्षता विभागात असताना बाळ दिवसाकाठी सुमारे १७ तास छातीशी होते. दुसऱ्या गटात जेमतेम दीड तास. सतरा तास छातीशी धरायचे तर आईची खाट त्या कक्षातच हवी. तशी रचना त्या रुग्णालयांत करण्यात आली. माता आणि नवजात यांचा एकत्र अतिदक्षता विभाग उभा राहिला. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने अकालजात बाळांसाठी जन्मानंतर लगेच कांगारू सेवा सुरू करण्याची शिफारस केली.

यात खर्चिक असे काय आहे?

विकासपोषक सेवेतील बहुतेक गोष्टींना परदेशी यंत्रे लागत नाहीत. पेटीवर जाड सुती आच्छादन टाकले की प्रकाश सौम्य होतो. भोंग्याचा आवाज कमी करणे, पेटीवर फाइल किंवा बाटली आपटू न देणे, गप्पा कक्षाबाहेर मारणे, यांना शिस्तीखेरीज काही लागत नाही. मऊ दुपट्यांच्या वळकट्या करून बाळाभोवती घरट्यासारखी कड केली की गर्भात असते तशी हातपाय दुमडलेली, सुरक्षित अवस्था त्याला मिळते. तपासणी, लंगोट बदलणे, दूध देणे ही कामे सवडीनुसार दहा वेळा करण्याऐवजी एकत्र करावीत आणि मधला वेळ बाळाला झोपू द्यावे, कारण मेंदू झोपेतच घडत असतो. टाचेतून रक्त घेताना आईच्या दुधाचे थेंब तोंडात दिले आणि दोन्ही तळहातांनी डोके व पाय अलगद धरून ठेवले तर वेदनेची प्रतिक्रिया लक्षणीयरीत्या कमी होते. चीक वाया न घालवता नळीने किंवा वाटी-चमच्याने देणे, हे तर औषधच. या प्रत्येक घटकाचा पुरावा सारखाच भक्कम नाही, आणि दूरगामी लाभांविषयी तज्ज्ञांत मतभेदही आहेत. परंतु त्वचेशी त्वचेचा स्पर्श, आईचे दूध आणि कुटुंबाचा सहभाग या तिघांविषयी आता शंका उरलेली नाही.

महाराष्ट्राला हा विचार नवखा नसावा. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून घडवले. त्यांच्या हातून घरोघरी झालेल्या नवजात सेवेमुळे बालमृत्यू किती घटले, हे १९९९ साली जगाने वाचले. नवजात मृत्यूंतील घट ६२ टक्के होती. खेड्यातील सामान्य स्त्री शिकवली तर नवजात जीव वाचवू शकते, हे महाराष्ट्रानेच सिद्ध केले आहे. मग त्या जिवाच्या जन्मदात्रीवर रुग्णालयाच्या दारात अविश्वास का दाखवावा?

आपल्या परंपरेचा उल्लेखही येथे अप्रस्तुत ठरू नये. चरकसंहितेच्या शारीरस्थानात कुमारागाराचे, म्हणजे बाळाच्या खोलीचे वर्णन येते. अंथरूण-पांघरूण मऊ, हलके आणि स्वच्छ असावे, मळलेले बदलावे, बाळाला घाबरवू नये, असा त्याचा रोख आहे. त्यात आजचे विज्ञान शोधण्याचा अट्टहास करण्याचे कारण नाही. परंतु बाळाच्या भोवतालचे वातावरण हाही वैद्याच्या विचाराचा विषय आहे, ही दृष्टी त्यात निश्चित आहे. त्याच वेळी परंपरेच्या नावाखाली चालणारे भ्रम टाकलेही पाहिजेत. सातव्या महिन्याचे मूल जगते आणि आठव्याचे जगत नाही, ही समजूत आजही घराघरांत ऐकू येते. ती साफ चुकीची आहे. गर्भात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाची शक्ती वाढवतो. आठव्या महिन्याच्या बाळाविषयी घरच्यांनी आधीच आशा सोडणे हा त्या बाळावर अन्याय आहे.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

आईला आत घेतले तर जंतुसंसर्ग वाढेल, ही भीती सर्वांत आधी पुढे येते. २०२१ च्या चाचणीत उलट दिसले. छातीशी ठेवलेल्या बाळांमध्ये जंतुदोषाची शंका यावी अशी प्रकरणे कमीच होती. हात कोपरापर्यंत धुणे, नखे कापणे, अंगठ्या-बांगड्या काढणे, स्वच्छ कपडे घालणे हे शिकवले की आई धोका ठरत नाही. तिच्या त्वचेवरचे आणि दुधातले संरक्षण बाळाला मिळते, ते वेगळेच. दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा. एका परिचारिकेवर अनेक बाळांचा भार असताना तिने आयांना कधी शिकवायचे? हा प्रश्न खरा आहे. पण शिकलेली आई दूध देते, लंगोट बदलते, श्वास अडखळला तर सर्वांत आधी ओळखते. सिस्टरच्या हाताला ती हातच देते.

तिसरा मुद्दा मात्र आम्हाला ठासून सांगायचा आहे. आईची छाती हा यंत्राला पर्याय नव्हे. श्वासाला आधार देणारे साहित्य, प्राणवायू, औषधे, प्रशिक्षित डॉक्टर आणि पुरेशा परिचारिका यांवाचून हजार ग्रॅमचे बाळ वाचत नाही. ‘कांगारू’ची भित्तिपत्रके लावून शासनाला आपली जबाबदारी झटकता येणार नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला लागलेल्या आगीत १० बाळांचे प्राण गेले, हे महाराष्ट्राने विसरू नये. पेट्या वाढवताना वीजजोडणी, अग्निसुरक्षा आणि रात्रपाळीची दक्षता वाढत नसेल, तर ती वाढ कागदावरचीच.

शासनाकडे धोरण नाही असेही नाही. कांगारू सेवेविषयी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना २०१४ मध्ये आल्या. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयातील अनुभवावर आधारलेली ‘कुटुंबसहभागी सेवा’ ही योजना २०१७ मध्ये, म्हणजे नाशिकच्या त्या दुर्दैवी वर्षातच, जाहीर झाली. अडचण आहे ती कागद आणि खाट यांतील अंतराची. जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रम २०११ साली सुरू झाला, तेव्हा मातेच्या मोफत आहाराची मुदत साध्या बाळंतपणानंतर ३ दिवस आणि सिझेरियननंतर ७ दिवस ठरली. बाराशे ग्रॅमचे बाळ मात्र पाच-सहा आठवडे रुग्णालयात राहते. मग चौथ्या दिवसापासून सुरगाण्याच्या त्या ओल्या बाळंतिणीने काय खायचे, कोठे झोपायचे, आणि घरी राहिलेल्या थोरल्या मुलांकडे कोणी पाहायचे? दूध आटले म्हणून तिला दोष देण्याआधी हा हिशेब मांडावा लागेल.

समाजाचे कर्तव्य

येथेच आपला, म्हणजे समाजाचा, संबंध येतो. नाशिक ही तीर्थनगरी. २०१५ च्या सिंहस्थात या नगरीने लाखो यात्रेकरूंच्या निवासाची, अन्नछत्रांची, स्वच्छतेची व्यवस्था केली. नवजात कक्षात बाळ असलेल्या तीस-चाळीस मातांची राहण्या-जेवण्याची सोय तिला जड जाऊ नये. रुग्णालयाच्या आवारात वा शेजारी स्वच्छ खोली, न्हाणीघर, गरम पाणी, दोन वेळचे सकस जेवण. कक्षात बाळाला छातीशी घेऊन तासन्‌तास बसता येईल अशा पाठ टेकायच्या खुर्च्या. बांधायला मऊ सुती कापड आणि टोपडी. एखादे मंडळ, महिला बचतगट किंवा गृहनिर्माण संस्था यांतील एकेक गोष्ट सहज अंगावर घेऊ शकते. गणेशोत्सवाच्या वर्गणीतून उरलेली रक्कम याहून पवित्र कामी लागणार नाही.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. राज्यभरातील परिचारिका आणि डॉक्टर ज्या विद्यापीठाच्या परीक्षा देऊन बाहेर पडतात, त्याने बाळाची देहबोली वाचणे आणि माता-पित्यांना शिकवणे याला प्रात्यक्षिकात गुण ठेवावेत. परीक्षेत जे विचारले जाते तेच शिकवले जाते, हा आपल्याकडचा अनुभव आहे.

घरातल्या वडीलधाऱ्यांचे दायित्व तर सर्वांत मोठे. बाळंतिणीने बाहेर पडू नये, सोयर आहे, अंगाला वारा लागेल, असे सांगून तिला घरी ठेवणारी सासू किंवा आई प्रेमापोटीच तसे करते. तिला नीट समजावून सांगितले तर तीच सर्वांत मोठा आधार होऊ शकते. आईला विश्रांती हवी तेव्हा आजी बाळाला छातीशी धरू शकते. वडिलांची रुंद छातीही तितकीच उबदार असते. पुरुषाने असे बसावे का, हा संकोच आता सोडून द्यावा. बाळ घरी आल्यावर आशा सेविकेला दारातून परत पाठवू नये. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा तिसाव्या दिवसाच्या आत तपासून घ्यावा; वेळीच उपचार झाला तर दृष्टी वाचते, उशीर झाला तर आयुष्यभराचा अंधार पदरी येतो. श्रवणाची तपासणीही तितकीच आवश्यक.

खासगी रुग्णालयात दिवसाला हजारो रुपये मोजणाऱ्या मध्यमवर्गीय पालकांनी तर हे प्रश्न अधिकाराने विचारावेत. आईला बाळाजवळ किती तास बसू देता? छातीशी केव्हा देणार? दूध आईचेच देता ना? वेदना कमी करण्यासाठी काय करता? यंत्र कोणत्या देशाचे आहे हे विचारणारे पुष्कळ असतात. हे प्रश्न विचारणारे वाढले की रुग्णालयेही बदलतील.

२०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार देशात हजार जन्मांमागे २० नवजात दगावत होते आणि महाराष्ट्रात ११. हा आकडा आणखी खाली आणायचा तर यंत्रांइतकीच माणसांची जवळीक लागणार आहे. नाशिकने २०१७ साली जे भोगले, त्याचे परिमार्जन केवळ नव्या पेट्यांनी होणार नाही. जिल्ह्यातील प्रत्येक नवजात कक्षाच्या दारावरची ‘प्रवेश निषिद्ध’ ही पाटी आईपुरती तरी उतरवली जावी. शासनाने तिच्यासाठी खाट द्यावी, समाजाने जेवण द्यावे आणि घराने धीर द्यावा. तिच्या बाळाला तिची सोबत मिळण्यासाठी एवढे पुरेसे आहे.